द्राक्षांचा उपास

आमच्या गल्लीत कडक भाकरी मऊ करून खाणारा एकच माणूस होता, आमचे भाडेकरू साहेब. सोलापूरची कडक भाकरी पापडाइतकी पातळ असते. ती वाळवून डब्यात ठेवायची, हवी तेव्हा काडकन मोडायची आणि दही-शेंगाचटणीबरोबर खायची. साहेब ती ताटात घ्यायचे, तिच्यावर पाणी शिंपडायचे आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवून द्यायचे. थोड्या वेळाने फडकं उलगडलं की भाकरी रुमालासारखी लुसलुशीत झालेली असायची. मग तिच्यात कांदा-कोथिंबीर घालून, गुंडाळी करून ती उभी धरून खायची.

माझ्या सासूबाईंनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या.

"मऊच खायची तर मी कडक करू कशाला? माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीत की ओ साहेब."

"अक्का, माझी आई बी असंच करायची," साहेब म्हणाले. "तिची भाकरी गव्हाची. पण अशीच पातळ, अशीच कडक. खायच्या आधी पाणी मारायचं."

"का? तुमच्या गावात दात न्हवते कुणाला?"

साहेब हसले आणि खात राहिले. सासूबाई मात्र त्या दिवसापासून आमच्या घरच्या भाकऱ्यांतल्या निम्म्या त्यांना पाठवू लागल्या. परक्या मुलखातल्या माणसाची आई आपल्यासारखीच भाकरी करायची, एवढ्यावर त्या विरघळल्या. तसं तोंडाने कबूल कधीच केलं नाही.

मी कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीची. माहेरी कन्नड, शाळेत मराठी, आणि सासरी दोन्हींची भेळ. सत्तर सालानंतर एक-दोन वर्षांत लग्न होऊन सोलापुरात आले, तेव्हा आमच्या मागच्या दोन खोल्या आणि पत्र्याची शेड साहेबांकडे भाड्याने होती. कित्येक वर्षांपासून होती. त्यांचं नाव लांबलचक होतं. नव्या पोस्टमनला ते धड वाचता यायचं नाही आणि जुन्याला वाचायची गरज वाटायची नाही. गल्ली त्यांना 'इराणी साहेब' म्हणायची आणि या एका गोष्टीवर ते हटकून चिडायचे.

"इराणात जन्मलो म्हणून इराणी? मी अर्मेनियन हाय बे!"

पण लोकांना इराणी म्हटलं की हॉटेल आठवायचं. एकदा कोणीतरी परगावचा पाहुणा खरोखरच शेडच्या दारात येऊन चहा आणि बन-मस्का मागून गेला. साहेबांनी त्याला आत बसवलं, चहा पाजला आणि अर्मेनियन म्हणजे कोण हे इतकं समजावून सांगितलं की बिचाऱ्याची गाडी चुकली असावी.

इस्फहान नावाच्या शहरात यांच्या लोकांची वेगळी वस्ती होती. तिथून लहानपणी त्यांना एकट्यालाच कलकत्त्याला पाठवलं. तिथे यांच्या लोकांची शाळा होती, देऊळ होतं. म्हणजे चर्च, पण सासूबाई देऊळच म्हणायच्या, आणि त्यांचं ऐकून माझ्याही तोंडी तेच बसलं. शिकून साहेब यंत्रकामात शिरले, गिरण्या फिरत फिरत सोलापूरच्या एका गिरणीत मागांचे साहेब म्हणून आले आणि इथेच मुरले. गिरणी सुटल्यावर शेडमध्ये स्वतःचं वर्कशॉप घातलं. हातमागावर चादरीची नक्षी उठवणारं जे जॅकार्ड असतं, त्याच्या दुरुस्तीचं. पूर्व भागातले तेलुगू विणकर रोज दारात. साहेब यंत्राशी अर्मेनियन बोलायचे, बायकोशी अर्मेनियन, देवाशी अर्मेनियन, आणि भांडायची वेळ आली की अस्सल सोलापुरी.

बायको कलकत्त्याची, त्यांच्यातलीच. सासूबाई तिला बाई म्हणायच्या, मी आंटी म्हणायची. गोरीपान, जाड, पायांनी अधू होत चाललेली, आणि नवऱ्याची खोडी काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकुलती मुलगी लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली होती. कलकत्त्यातले त्यांचे बरेच लोक तिकडेच जात होते म्हणे. मुलीने "तुम्हीही या" म्हणून लकडा लावला की साहेब शेडकडे बोट दाखवायचे. "आणि हे माग कोण बघणार? तिचा नवरा?"

त्यांचा रविवार हे आम्हां सगळ्यांचं करमणुकीचं साधन होतं. सोलापुरात मिशनचं चर्च होतं. पण ते यांच्या पंथाचं नव्हे. "माणसं चांगली हायत," साहेब म्हणायचे, "पण गाणं वेगळं." म्हणून मग घरीच. एप्रिलच्या त्या भाजणाऱ्या उन्हातसुद्धा काळा कोट, गळ्यात टाय. आंटी हॅट घालून, पावडर लावून. दोन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडायच्या. भिंतीवर मरियमचं चित्र. आणि मग साहेब गायला लागायचे. आवाज असा भरदार की आमच्या स्वयंपाकघरात भांडी गुणगुणायची. त्यांना खोकला आला की आंटी पुढचं पद उचलायची. तासभर हे चालायचं. पण खरी गंमत पुढेच. प्रार्थना संपली की दोघं समोरच्या दाराने बाहेर पडायची, हातात हात घालून घराला वळसा घालायची आणि मागच्या दाराने घरात शिरायची. वाटेत आमच्या ओट्यावर कोणी असलं की साहेब हॅट उचलून सांगायचे, "चर्चला गेलो होतो."

मी एकदा न राहवून विचारलं, की हा वळसा कशाला.

"सूनबाई," ते गंभीरपणे म्हणाले, "चर्चमधून घरी यायला पायजे की माणसानं. न्हाय तर चर्चला गेल्यासारखं काय वाटणार?"

नाताळही त्यांचा वेगळा. सगळ्यांचा होऊन, चांदण्या-कंदील उतरवून झाले की जानेवारीच्या सहा तारखेला यांचा यायचा. मिशनमधला कोणी चिडवायला लागला, की साहेब, तुमचा देव उशिरा जन्मतो, तर हे उसळायचे. येशूला मानणारा जगातला पहिला देश आपला, मग आपण उशिरा कसे? तुम्हीच लवकर! सासूबाईंनी त्या वादाचा एका वाक्यात निकाल लावला. "आमच्या गड्ड्याच्या जवळ पडतो न्हवं? मग साहेबांचाच खरा असणार." संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. तिच्या आसपासचा कोणताही सण त्यांच्या लेखी प्रमाण होता.

रविवारी साहेब हत्याराला हात लावत नसत. एकदा गड्ड्याच्या तोंडावर, नेमका रविवारी, एक विणकर धावत आला. दुसऱ्या दिवशी जत्रेतल्या दुकानाला चादरी द्यायच्या होत्या आणि जॅकार्ड अडकून बसलं होतं.

"साहेब, मेलो मी. चला की!"

"आज देवाचा दिवस हाय."

"मग देवाला म्हणावं, चादरी विण!"

साहेब विचारात पडले. मग आत जाऊन त्यांनी आंटीकडून दोन्ही हात पाठीमागे रुमालाने बांधून घेतले आणि तसेच निघाले. भर दुपारी कोट-हॅटवाला एक गोरा माणूस हात बांधलेल्या अवस्थेत विणकरामागून चाललाय हे पाहून नाक्यावर गर्दी जमली. साहेबांना पोलिसांनी धरलं अशी वार्ता आमच्या घरी येऊन पोचलीसुद्धा. तिकडे त्यांनी मागासमोर उभं राहून, हनुवटीने खुणा करत, ओरडून ओरडून त्या विणकराकडून जॅकार्ड सोडवून घेतलं. त्याच्या बायकोने चहा आणला तेव्हा हात सोडायला लावले. चहा पिणं म्हणजे काम नव्हे. आणि सोमवारी उजाडता उजाडता पुन्हा जाऊन प्रत्येक नट स्वतःच्या हाताने आवळून आले, कारण त्या विणकराच्या हातावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"देवाला फसवलंत की ओ," सासूबाई म्हणाल्या.

"न्हाय अक्का, विचारून केलं. तो म्हणाला, हात नको, तोंड चालंल. पण माझे हात माझं ऐकत न्हाईत. मशीन बघितलं की पळतात. म्हणून बांधले."

माझा देवाधर्माचा कंटाळा माहेरपासूनचा. या दोघांच्या, म्हणजे साहेबांच्या आणि सासूबाईंच्या, नेमधर्माच्या गप्पा रंगल्या की मी भाजी निवडायचं निमित्त करून उठायची. सासूबाई गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसत. साहेब गळ्यातला क्रूस हातात धरल्याशिवाय शेडचं कुलूप काढत नसत. दोघं एकमेकांना पुरती शोभायची. द्राक्षांचं प्रकरण मला कळलं तेही अशाच गप्पांतून.

केम गावी माझ्या नवऱ्याच्या मामांची शेती. त्यांनी विहिरीच्या पाण्यावर द्राक्षाचा छोटासा मांडव केला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिकडून करंडी आली. मी हौसेने वाडगाभर द्राक्षं साहेबांकडे घेऊन गेले. साहेब चक्क दोन पावलं मागे सरकले. आंटीने वाडग्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी भलतंच घडलं. मी घरी येऊन रडवेली झाले, तेव्हा सासूबाई तडक विचारायला गेल्या आणि परत आल्या त्या चेहऱ्यावर आदर घेऊन.

त्याचं असं होतं. त्यांच्यात ऑगस्टमध्ये मरियमचा सण येतो. त्या दिवशी पाद्री द्राक्षांच्या ताटावर प्रार्थना म्हणतो, आशीर्वाद देतो आणि मग लोक वर्षातली पहिली द्राक्षं खातात. तोवर एक मणीही तोंडात घालायचा नाही. साहेबांच्या आईच्या अंगणात द्राक्षाचा वेल होता. त्यांना कलकत्त्याला पाठवलं ते सणाच्या थोडं आधी. वेल घोसांनी लगडलेला, आणि हे लहानगं पोर लांबच्या प्रवासाला निघालेलं. दुसऱ्या कोणत्याही आईने तोडून दिला असता एक घोस. या आईने दिला नाही. "तिकडं पाद्री हाय, त्याच्या हातून खा," म्हणाली. पुन्हा भेट झाली नाही. त्या माऊलीचं शेवटचं सांगणं एवढंच, आणि साहेब ते पाळत होते.

आता पंचाईत पाहा. सोलापूरला द्राक्षं येणार फाल्गुन-चैत्रात, आणि आशीर्वाद मिळणार ऑगस्टमध्ये, तोही कलकत्त्याला. अंगात ताकद होती तोवर दर ऑगस्टला दोघं गाडीने कलकत्त्याला जायची, सण करायची, द्राक्षं खाऊन यायची. आंटीचे पाय सुजायला लागल्यापासून ते बंद झालं. तेव्हापासून द्राक्षंही बंद.

"ह्याला म्हणतात निष्ठा," सासूबाई मला ऐकवत म्हणाल्या. "न्हाय तर आजकालच्या पोरी. श्रावणी सोमवार आला की ह्यांचं डोकं दुखतंय." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी द्राक्षाच्या हातगाडीवाल्याला गाठून दम दिला, की साहेबांच्या खिडकीखालून जाताना ओरडायचं नाही. तो मुकाट्याने जायचा आणि कोपरा ओलांडला की दुप्पट ओरडायचा.

मग एका वर्षी माघात आंटी अंथरुणाला खिळली. पोटाचं काहीतरी होतं. डॉक्टर येऊन गेले की साहेबांना दाराबाहेर नेऊन बोलायचे, आणि साहेब आत येताना हसत यायचे. ते हसणं बघवत नसे. तिच्या पोटात काही ठरेना. भाताची पेज नको, दूध नको. मी दुपारी तिच्याजवळ बसायची. एकदा खिडकीखालून ती गाडी गेली, हिरव्यागार घोसांनी भरलेली, मुकाट्याने. आंटी बघत राहिली.

"सूनबाई," ती तिच्या हिंदी-मराठीत म्हणाली, "मेरे मुँह में बस वोही है. अंगूर. थंडा, आंबट. कलकत्त्याला एकदम बर्फासारखे असायचे." मग माझा हात दाबून म्हणाली, "साहेबला नाही बोलायचं. ऑगस्ट फार लांब आहे, ये हम दोनों को मालूम है."

माझं डोकंच फिरलं. मरणाच्या दारातल्या बाईला चार द्राक्षं मिळू नयेत? हा कसला देव? मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, की मी पदराआड घोस नेऊन चारणार, साहेबांना कळणारही नाही.

सासूबाई कडाडल्या. "खबरदार! तिचा जन्माचा उपास, आणि तू चोरून मोडणार? जाताना तिला चोर करून पाठवणार व्हय?" मग त्या चुलीतली लाकडं सारत बसल्या. शेवटी त्यांनी आपल्या मनाने तोड काढली. द्राक्षं देवाला दाखवलेली हवीत, एवढंच ना? मग देव काय फक्त कलकत्त्यात राहतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ करून धुवट नेसली, केमच्या करंडीतला सगळ्यात चांगला घोस निवडला आणि तो पितळी ताटात घालून सिद्धेश्वराच्या देवळात नेला. पुजाऱ्याकडून पूजा करवली. बेलाचं पान, भस्म, सगळं यथासांग. आणि तिथून अनवाणी, ताट पदराखाली धरून, थेट साहेबांच्या दारात. मी मागोमाग गेले.

"घ्या साहेब. देवाला दाखवून आणल्यात. आता द्या बाईला."

साहेबांनी ताटाकडे पाहिलं. घोसावर भस्माचे पांढरे पट्टे होते. त्यांचा चेहरा उतरला.

"अक्का, हे न्हाय चालत."

"का न्हाय चालत?"

"आमचा पाद्री पायजे. आमची प्रार्थना पायजे."

"माझ्या हातची भाकरी रोज चालती," सासूबाईंचा आवाज चढला, "आन् माझ्या देवाची द्राक्षं चालत न्हाईत?"

"अक्का, तुमचा देव मोठा हाय. मी कधी न्हाय म्हटलं?" साहेब हात जोडून म्हणाले. "पण तिला थोड्या दिवसांनी माझ्या देवासमोर उभं राहायचंय. तो विचारंल तिला. मग ती काय सांगंल?"

सासूबाईंना राग आला. ताट त्यांनी उंबऱ्यावर ठेवलं. "प्रसाद परत न्यायचा नसतो," एवढं बोलून त्या चालत्या झाल्या.

आत आंटीने सगळं ऐकलं होतं. तिने साहेबांना हाक मारली. दोघं अर्मेनियनमध्ये बोलू लागली. ती हळू, ते आणखी हळू. मला एक अक्षर समजलं नाही, पण नवरा-बायको कशावर हटून बसलीत हे कळायला भाषा लागत नाही. शेवटी ती माझ्याकडे वळली. "सूनबाई, थाली लाओ."

मी साहेबांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मी ताट नेलं. द्राक्षं धुवू का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, नको, अक्का रागावेल. मी पदराने एकेक मणी पुसून तिच्या तोंडात घालत गेले. ती डोळे मिटून खात होती. कित्येक दिवसांनी पोटात गेलेलं काहीतरी ठरलं. एक मणी तिने हातात घेऊन साहेबांच्या दिशेने धरला. त्यांनी मान हलवली. तिने तो स्वतःच्याच तोंडात टाकला आणि हसली. तिचं ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

सासूबाईंनी साहेबांशी अबोला धरला. भाकऱ्या मात्र थांबल्या नाहीत. त्या माझ्या हातून जायच्या, आणि "त्यांना सांग, आज मीठ जास्त झालंय" असले निरोपही. पाडवा झाला आणि आंटी गेली. आमच्याच घरातून चहा-पाणी झालं. मिशनच्या पाद्र्याने पुरण्याचे सोपस्कार केले आणि साहेबांनी त्याची परवानगी घेऊन कबरीपाशी आपलं गाणं म्हटलं. मध्येच त्यांना खोकला आला. पुढचं पद उचलायला कोणी नव्हतं. ते थांबले, वाट पाहिल्यासारखे, आणि मग त्यांनीच ते पूर्ण केलं.

त्यानंतर रविवारी वळसा घालताना ते एकटे दिसायचे. काम बिघडलं नाही. विणकर येत होते, जॅकार्ड चालू होत होती. पण माणूस आतून कुरतडला जात होता, आणि ते दुःख नुसत्या विरहाचं नव्हतं. एकदा भाकरी घेऊन गेले तेव्हा मला म्हणाले, "सूनबाई, ती उपास मोडून गेली. मी बाजूला उभा होतो, अडवलं न्हाय. आता ती तिथं उभी असंल. तिला आत घेतलं का न्हाय, मला कसं कळणार?"

मी म्हणाले, द्राक्षांवरून कोणी दार लावून घेत नाही. मला ते खरंच वाटत होतं. पण माझ्यासारखीच्या बोलण्याने त्यांचं समाधान व्हायचं नव्हतं.

"ती म्हणाली होती," ते पुढे म्हणाले, "ऑगस्टला तू जा. माझ्यासाठी पण आशीर्वाद माग. उशीर झाला तर झाला."

ऑगस्टमध्ये ते निघाले. इतक्या वर्षांनी आणि एकटेच. आदल्या दिवशी माझ्याकडे एखादी लहानशी डबी मागायला आले. मी हिंगाची रिकामी डबी धुऊन, पुसून दिली. त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. आत द्राक्षाच्या घोसाचा देठ होता. सगळे मणी काढल्यावर उरलेला, वाळून काडी झालेला, फांद्याफांद्यांचा देठ. पेरांमध्ये अजून भस्म होतं. आंटीने खाल्ल्यावर ताट घासायला घेतलं तेव्हा त्यात देठ नव्हता, हे मला तेव्हा कुठे आठवलं.

"पाद्री ठेवील का हा ताटात?" त्यांनी मला विचारलं. विचारताना साठी उलटलेला तो माणूस परीक्षेला निघालेल्या पोरासारखा दिसत होता. मी म्हणाले, ठेवील. मला काय माहीत होतं?

ते गेले ते दिवस सासूबाईंनी कसे काढले ते मीच जाणे. अबोला धरणाऱ्या त्या, पण दिवसातून दोनदा मलाच विचारायच्या, "आता पोचले असतील न्हवं? सण झाला असंल न्हवं?" देठाचं मी त्यांना सांगितलं होतं. ते ऐकून त्यांचा चेहरा पडला होता. आपण त्या बाईला सुख द्यायला गेलो आणि नवऱ्याच्या जिवाला घोर लावून ठेवला, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. देवळात जाऊन आल्या तरी त्यांचं चित्त थाऱ्यावर नसे.

साहेब परत आले ते संध्याकाळी. घरी न जाता आधी आमच्या ओट्यावर येऊन बसले, बॅग पायाशी ठेवून. सासूबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण फाल्गुनापासूनचा अबोला त्यांनीच मोडला.

"झालं का ओ काम?"

"झालं अक्का."

"पाद्र्यानं ठेवून घेतला?"

साहेबांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. "मोठं ताट होतं. काळी, हिरवी, सगळी द्राक्षं. मी पुढं गेलो, डबी उघडली. म्हटलं, फादर, माझी बायको. तिनं मार्चमध्ये खाल्ली. थांबायला तिच्याकडं दिवस न्हवते. एवढंच उरलंय. तो पोरसवदा पाद्री, नवीनच आलेला. त्यानं देठ हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. म्हणाला, हे पांढरं काय हाय?"

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मी म्हटलं, राख हाय. म्हणाला, कसली? म्हटलं, सोलापूरच्या देवळातली. आमच्या अक्कांनी लावून आणली."

"अगं आई गं," सासूबाई पुटपुटल्या. "सांगितलंत कशाला ओ? रुमालानं पुसून न्यायचा की."

"तो पण तेच म्हणाला. पुसून घेतो म्हणाला. बाहीतून रुमाल काढला त्यानं. मी हात धरला त्याचा. पाद्र्याचा हात, अक्का! सगळं चर्च बघायलं. मी म्हटलं, फादर, पुसू नका. ते आमच्या घरचं हाय."

मी दारात उभी होते. तिथून ओट्यावर आले.

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"मग काय. माझ्याकडं बघितलं त्यानं. आणि ठेवला की तसाच. ताटाच्या मधोमध."

सासूबाई सुपातल्या शेंगा सारख्या करत म्हणाल्या, "गुणाचं पोरगं दिसतंय. आमच्यात जन्मला असता तर मठाचा स्वामी झाला असता."

साहेब हसले. आंटी गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने. हसता हसता त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि ते हात खाली आलेच नाहीत. त्यांचे खांदे हलत होते. सासूबाई उठल्या नाहीत, समजूत घालत बसल्या नाहीत. सूप बाजूला सारून त्या थोड्या जवळ सरकल्या आणि त्यांचं रडून होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.